अंधेरीतला ‘लॉफ्ट’: टोकन देण्याआधी काय तपासायचं?

प्रश्न: मी ग्राफिक डिझायनर, नवरा फोटोग्राफर. अंधेरी पूर्वेला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चौथ्या मजल्यावर एक ‘लॉफ्ट’ पाहिला आणि दोघांनाही आवडला. सोळा फूट उंची, मोठाल्या लोखंडी खिडक्या, वर मेझनीनवर (मधल्या मजल्यावर) बेडरूम. कार्पेट 640 चौरस फूट. वरचे 260 धरून 900 होतात, असं एजंट सांगतो. शेजारच्या सोसायटीतल्या टू बीएचकेपेक्षा पंधरा-वीस टक्क्यांनी स्वस्त पडतो. लाइट बिल घरगुती आहे, सोसायटी एनओसी द्यायला तयार आहे, त्याच मजल्यावर आणखी दोन कुटुंबं राहतात. ओसी मागितली तर “इमारत ऐंशीच्या दशकातली आहे, ओसी आहेच, राहायला कुणी हरकत घेत नाही” एवढंच उत्तर मिळालं. रविवारपर्यंत दोन लाख टोकन मागतायत. द्यावं का? आणि पुढे ही जागा रेसिडेन्शियल करून घेता येईल का?

उत्तर: या रविवारी टोकन देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या चारही गोष्टी, म्हणजे लाइट बिल, सोसायटीची एनओसी, शेजारची कुटुंबं आणि ‘कुणी हरकत घेत नाही’ हे आश्वासन, त्या जागेत राहायची परवानगी आहे हे सिद्ध करत नाहीत. ती परवानगी दोनच कागदांवर कळते: त्या इमारतीची ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आणि ओसीला जोडलेला त्या मजल्याचा मंजूर नकाशा. ओसी नुसती ‘आहे’ म्हणून भागत नाही. ती कशासाठी दिली आहे, हे वाचावं लागतं. तुमच्या वर्णनावरून मला दाट शंका आहे की ती औद्योगिक इमारतीची ओसी आहे आणि तुम्हाला विकला जातोय तो एक गाळा. तसं असेल तर ते घर नव्हे, आणि तुम्ही कितीही सुंदर सजवलंत तरी कागदावर ते घर होणार नाही.

तपासणी जमिनीपासून सुरू करा. एजंटकडून किंवा सोसायटीकडून सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक आणि मौजे (मरोळ, कोंडिविटा, चकाला वगैरे) मागून घ्या. हे दोन्ही मिळाले की मुंबई महापालिकेच्या संकेतस्थळावर पैसे भरून त्या क्रमांकाचे डीपी रिमार्क्स काढता येतात. विकास आराखडा 2034 नुसार तो भूखंड निवासी क्षेत्रात आहे, व्यावसायिक की औद्योगिक, त्यावर काही आरक्षण आहे का, रस्तारुंदीची रेषा इमारतीतून जाते का, हे सगळं त्या एका कागदावर येतं. प्रॉपर्टी कार्डही काढा. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि भाडेपट्ट्याची आहे का, ते त्यावर दिसतं.

अंधेरी पूर्वेला इथे एक फाटा फुटतो. तिथला मोठा पट्टा एमआयडीसीच्या (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या) मरोळ औद्योगिक क्षेत्रात मोडतो. इस्टेट त्यात असेल तर नियोजन प्राधिकरण महापालिका नसून एमआयडीसी असते. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला तीच देते, जमीन साधारणपणे 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते आणि हस्तांतरणाला एमआयडीसीची परवानगी व शुल्क लागतं. तेव्हा भाडेपट्ट्याची प्रत मागा आणि त्यात जागेचा वापर काय लिहिला आहे ते वाचा. ‘औद्योगिक’ असा शब्द असेल तर पुढचं काही तपासायची गरज उरत नाही. राहण्यासाठी ती जागा बाद.

डीपी रिमार्क्सवर ‘निवासी क्षेत्र’ आलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. इथेच पुष्कळ लोक थांबतात आणि फसतात. क्षेत्र भूखंडाचं असतं, वापर युनिटचा असतो. निवासी क्षेत्रातल्या इमारतीत दुकानं आणि ऑफिसं असतात. उलट औद्योगिक क्षेत्रातल्या भूखंडावर आयुक्तांची परवानगी घेऊन बांधलेले रीतसर निवासी टॉवर अंधेरी-गोरेगावात उभे आहेत. म्हणून डीपी रिमार्क्सवरून फक्त शंका कुठे घ्यायची ते कळतं. निकाल ओसी आणि नकाशावरच लागतो.

ओसी हातात आली की पुढील गोष्टी पाहा. फाइल क्रमांक आणि तारीख. ओसी पूर्ण आहे की पार्ट, म्हणजे इमारतीच्या काही भागापुरतीच. पार्ट असेल तर कोणते मजले आणि कोणती विंग; तुमचा चौथा मजला त्यात नावानिशी आहे का. इमारतीचं वर्णन कसं केलं आहे: ‘औद्योगिक इमारत’, ‘सर्व्हिस इंडस्ट्री’, ‘कमर्शियल’, ‘आयटी’ की ‘निवासी’. आणि शेवटच्या अटी, कारण वापर बदलू नये अशी अट बहुतेक वेळा तिथेच असते. ओसीच्या जागी कुणी आयओडी किंवा सीसी पुढे करत असेल तर परत पाठवा. त्या बांधकाम सुरू करण्याच्या परवानग्या आहेत, राहण्याच्या नाहीत.

नकाशा वाचायला वास्तुविशारद बरोबर न्यावा, पण काही खुणा तुम्हालाही ओळखता येतील. निवासी नकाशात खोल्यांवर लिव्हिंग, बेड, किचन असं लिहिलेलं असतं. गाळ्याच्या नकाशात एका चौकोनावर फक्त गाळा क्रमांक असतो, कोपऱ्यात टॉयलेट, आणि स्वयंपाकघराच्या जागी काहीच नसतं किंवा ‘पँट्री’ असतं. हा फरक किरकोळ समजू नका. ‘पँट्री’ लिहिलं असेल तर ती जागा ऑफिस किंवा गाळा म्हणून मंजूर झाली आहे आणि ओटा, सिंक, गॅसची पाइपलाइन सगळं नंतर आलं आहे. मेझनीनच्या जागी नकाशात ‘व्हॉइड’ किंवा ‘डबल हाइट’ लिहिलेलं सापडलं, तर तिथे मुळात मोकळी पोकळी मंजूर होती आणि बेडरूमची फरशी कुणीतरी मागाहून टाकली आहे.

आता त्या मेझनीनकडे वळू, कारण तुमच्या व्यवहारातली सगळ्यात महाग चूक तिथे होऊ शकते. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ‘लॉफ्ट’ म्हणजे सामान ठेवायचा पोटमाळा, ज्याची उंची जास्तीत जास्त दीड मीटर असते. त्याच्याखाली किमान 2.2 मीटर मोकळी उंची लागते आणि औद्योगिक गाळ्यात तो खालच्या क्षेत्रफळाच्या एक तृतीयांशापर्यंतच घालता येतो. एवढ्यात बसला तर तो एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येतं त्याच्या मोजणीत, धरत नाहीत. उंची दीड मीटरच्या वर गेली की क्षेत्रफळ एफएसआयमध्ये मोजलं जातं. मेझनीन ही वेगळी गोष्ट आहे. तो मधला मजला समजला जातो, सुरुवातीपासून एफएसआयमध्ये मोजतात आणि तो मंजूर नकाशावर दिसावाच लागतो.

तुमच्या जागेचा हिशेब करून पाहा. सोळा फूट म्हणजे साधारण 4.88 मीटर. खाली 2.2 मीटर सोडले, मधल्या लोखंडी सांगाड्याला आणि फरशीला 15 सेंटिमीटर धरले, तर वर अडीच मीटर उरतात. तिथे माणूस सरळ उभा राहतो, पंखा लागतो, कपाट बसतं. म्हणजे तो पोटमाळा नाही. त्याला एफएसआय लागला आहे आणि तो नकाशात नसेल तर ते अनधिकृत बांधकाम आहे. क्षेत्रफळाच्या बाजूनेही तेच निघतं: 640 चा एक तृतीयांश होतो 213, तुमचा आहे 260. बारा फूट उंचीच्या, म्हणजे 3.66 मीटरच्या गाळ्यात हाच हिशेब केला तर वर सुमारे 1.3 मीटर उरतात; तो खरा माळा, सामानापुरता. टेप घेऊन जा आणि तीन मापं स्वतः घ्या: फरशीपासून मेझनीनच्या तळापर्यंत, मेझनीनची जाडी, आणि वरच्या फरशीपासून छतापर्यंत. तुळई खाली आली असेल तर माप तुळईखालचं घ्या.

यातून एक गोष्ट लगेच ठरते. दर फुटाचा भाव काढताना 900 ने भागू नका. मंजूर नकाशावर जेवढं कार्पेट आहे तेवढ्यानेच भागा. वरचे 260 फूट नकाशात नसतील तर त्यांना एक रुपयाही देण्याचं कारण नाही. उलट ते पाडायचा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो.

“मेझनीन फार जुनं आहे, आधीपासूनचं आहे” असं विक्रेता म्हणू शकतो. मुंबईत जुन्या बांधकामांना संरक्षण मिळण्याच्या ठरलेल्या तारखा आहेत: निवासीसाठी 17 एप्रिल 1964 आणि व्यावसायिकसाठी 1 एप्रिल 1962. त्याआधीपासून बांधकाम आणि त्याचा वापर होता, हे महापालिकेच्या करनिर्धारण खात्याच्या जुन्या नोंदींच्या उताऱ्यावरून दाखवावं लागतं. ऐंशीच्या दशकातल्या इमारतीला या तारखांचा काहीच उपयोग नाही.

ओसी आणि नकाशा मिळवायचे कुठून? सगळ्यात आधी सोसायटीकडे मागा. ज्या सोसायटीकडे सगळं सरळ असतं तिला ओसीची प्रत दाखवायला दोन दिवस पुरतात. त्यांनी टाळाटाळ केली तर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. अलीकडच्या परवानग्या ऑनलाइन प्रणालीत सापडतात, पण ऐंशीच्या दशकातली फाइल कागदीच असणार. अर्जाला दहा रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवा आणि ‘सर्व कागदपत्रे द्या’ असं मोघम लिहू नका. सीटीएस क्रमांक, मौजे, इमारतीचं नाव देऊन नेमकं मागा: भोगवटा प्रमाणपत्र, त्याला जोडलेला चौथ्या मजल्याचा मंजूर नकाशा, त्यानंतर झालेला वापरबदल किंवा सुधारित मंजुरी. फाइल प्रत्यक्ष पाहायची मागणीही त्याच अर्जात करा. फाइल समोर आली की कुठल्या पानाची प्रत हवी ते तिथेच ठरवता येतं.

दुसरा अर्ज महापालिकेच्या तिथल्या विभाग कार्यालयाच्या इमारत व कारखाने खात्याकडे करा. त्या गाळ्यावर किंवा इमारतीवर महापालिका अधिनियमाच्या कलम 351 किंवा 354-अ ची, अथवा एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या) कलम 53 ची नोटीस निघाली आहे का, ते विचारा. अनधिकृत बांधकाम आणि परवानगीबाहेरचा वापर यांच्या नोटिसा बहुतेक याच कलमांखाली निघतात. विक्रेता अशी नोटीस क्वचितच आपणहून दाखवतो. कारवाई मात्र जागेवर होते. मेझनीन वीस वर्षांपूर्वी दुसऱ्याने घातलं असलं तरी हातोडा पडेल तेव्हा मालक तुम्ही असाल.

घरबसल्या होणारी एक तपासणी आहे आणि ती आजच करा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्या जागेच्या आधीच्या खरेदीखतांची सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश, शोधा. मुंबईसाठी 1985 पासूनच्या नोंदी शोधता येतात. मिळकतीच्या वर्णनात ‘औद्योगिक गाळा’ किंवा ‘युनिट क्रमांक’ लिहिलं आहे की ‘सदनिका’, ते पाहा. मुद्रांक शुल्काचं मूल्यांकनही जमीन, निवासी, ऑफिस, दुकान, औद्योगिक अशा वेगवेगळ्या दरांनी होतं. आताच्या मालकाने तीच जागा औद्योगिक दराने मूल्यांकन करून घेतली असेल आणि तुम्हाला ‘लॉफ्ट अपार्टमेंट’ म्हणून विकत असेल, तर उत्तर त्याच्याच कागदात आहे. महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात मिळणारी एक टक्क्याची सवलतही निवासी मिळकतीलाच आहे. तुमच्या नावाने घेतली म्हणून गाळ्याला ती लागू होत नाही.

लाइट बिल आणि मालमत्ता कर यांबद्दल थोडं स्पष्ट सांगायला हवं, कारण हे दोन कागद दाखवूनच बहुतेकांची खात्री पटवली जाते. वीज कंपनी बिलाला कोणता दर लावायचा एवढंच पाहते, जागेचा कायदेशीर वापर ठरवत नाही. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर लावते, आणि असा कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही हे तिच्या कायद्यातच म्हटलेलं आहे. आधार कार्डावरचा पत्ता, मतदार यादीतलं नाव, करारात टाकलेला ‘निवासी’ हा शब्द, यांचीही तीच गोष्ट. सोसायटीची एनओसी तर सोसायटीच्या स्वतःच्या हरकतीपुरती असते. मंजूर वापर बदलायचा अधिकार सोसायटीला नाही, त्यामुळे तिच्या संमतीने तो बदलत नाही.

‘कुणी हरकत घेत नाही’ हे वाक्य आज खरं असू शकेल. पण तुम्ही वीस-पंचवीस वर्षांचा निर्णय घेताय. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये लोक ऐंशीच्या दशकापासून राहत होते, कर भरत होते. मंजुरीपलीकडचे मजले सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये अनधिकृत ठरवले आणि 2014 च्या जूनमध्ये तिथल्या घरांचं पाणी, गॅस आणि वीज तोडली गेली. ताडदेवच्या एका 34 मजली इमारतीत सतराव्या मजल्यापासून वर ओसी नव्हती. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मजले रिकामे करायला सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. त्याआधी, 17 डिसेंबर 2024 रोजी, मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले: वीज-पाण्याच्या जोडण्या पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्याव्यात आणि बँकांनीही ते तपासूनच इमारतीवर कर्ज द्यावं. त्या प्रकरणातलं बांधकाम निवासी भूखंडावर उभारलेल्या दुकानांचं होतं, म्हणजे मुद्दा वापराचाच होता. आजवर चालत आलं म्हणून पुढेही चालेल, हा भरवसा आता पूर्वीपेक्षा कमी धरा.

कर्जाचं काय होईल तेही पाहून ठेवा. गाळ्याला घरकर्ज मिळत नाही. मिळालं तर अनिवासी मालमत्तेचं कर्ज मिळतं. त्याचा व्याजदर जास्त, मुदत कमी आणि स्वतः घालायची रक्कम मोठी. एजंटने ‘आमच्या ओळखीची संस्था घरकर्ज करून देते’ असं सांगितलं, तर मंजुरीपत्रावर मिळकतीचं वर्णन काय लिहिलं आहे ते आधी वाचा. तुमच्या नेहमीच्या बँकेत कागद देऊन त्यांच्या कायदा आणि मूल्यांकन विभागाचं मत घ्या. बँकेने होकार दिला म्हणजे जागा निर्दोष असं नाही, पण ‘वापर निवासी नाही’ म्हणून नकार दिला तर त्या नकाराकडे दुर्लक्ष करू नका. घरकर्जावर मिळणाऱ्या करसवलतीचा आणि घरविम्याच्या दाव्याचाही प्रश्न पुढे याच मुद्द्यावर अडकतो.

किमतीबद्दल तुमचा समज दुरुस्त करायला हवा. ही जागा शेजारच्या टू बीएचकेपेक्षा पंधरा-वीस टक्क्यांनी स्वस्त आहे, पण तुलना त्याच्याशी करायचीच नाही. त्याच इस्टेटमधला रिकामा, न सजवलेला गाळा काय भावाने गेला ते काढा. सूची क्रमांक 2 वर मोबदल्याची रक्कम असते. गेल्या दोन-तीन वर्षांतले त्याच इमारतीतले व्यवहार पाहिलेत की आकडा मिळतो. माझा अंदाज असा की फ्लॅटपेक्षा स्वस्त वाटणारी ही जागा गाळ्याच्या मानाने बरीच महाग निघेल. उद्या विकायला काढलीत तर कर्ज घेऊन घर शोधणारा ग्राहक येणार नाही. गाळा घेणारा येईल, आणि तो गाळ्याचाच भाव देईल.

कागद बाजूला ठेवले तरी औद्योगिक इमारत राहण्यासाठी बांधलेली नसते. घरासाठी माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, कारखाना-ऑफिससाठी 45. टाक्या, मोटर, मलवाहिन्या त्या हिशेबाने बसवलेल्या असतात. रात्री फाटक बंद, लिफ्ट बंद, रविवारी पंप बंद हे अनेक इस्टेटींत नित्याचं आहे. आवाजाची कायदेशीर मर्यादा निवासी क्षेत्रात रात्री 45 डेसिबल आहे, औद्योगिक क्षेत्रात 70. म्हणजे खालच्या मजल्यावर रात्रपाळीत प्रेस चालू राहिली तर तुमची तक्रार 70 च्या पट्टीने मोजली जाईल. शेजारच्या गाळ्यांत काय चालतं ते दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा जाऊन पाहा. पावडर कोटिंग, सॉल्व्हंट, थिनर, फोम यांचा साठा असेल तर वर झोपायची जागा ठेवणं धोक्याचं आहे, आणि इथे मी परवानगीबद्दल नाही, जिवाबद्दल बोलतोय. मेझनीनवरून खाली यायला एकच अरुंद लोखंडी जिना असतो, धूर आधी वर साठतो. सोसायटीकडे अग्निशमन यंत्रणेचा ‘फॉर्म बी’ मागा. तो परवानाधारक संस्थेकडून दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, घ्यावा लागतो. शेवटचा कधीचा आहे ते पाहा. इमारतीने तिशी ओलांडली आहे, म्हणून महापालिका अधिनियमाच्या कलम 353-ब खालचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवालही मागा. मेझनीनचे लोखंडी खांब आणि तुळया कशावर टेकल्या आहेत, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय त्यावर पलंग आणि पुस्तकांची कपाटं ठेवू नयेत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, रेसिडेन्शियल करून घेता येईल का. एकट्या गाळ्याचं नाही, असंच धरून चाला. औद्योगिक क्षेत्रातली जमीन निवासी वापराला देण्याची तरतूद 2034 च्या नियमावलीत आहे, पण ती अख्ख्या भूखंडाला लागू होते: आयुक्तांची परवानगी, सुविधांसाठी सोडायची जागा, गाळेधारकांची संमती, आणि व्यवहारात पाहिलं तर जुनी इमारत पाडून नवी. चौथ्या मजल्यावरचा एक गाळा तेवढा निवासी आणि बाकी इमारत कारखान्यांची, असं होत नाही. पुनर्विकासाची वाट पाहायची तयारी असेल तर गाळा म्हणून, गाळ्याच्या भावात घ्या. तोवर तिथे राहायचं नाही हे मनाशी ठरवून.

तुम्हा दोघांच्या कामाकडे पाहता आणखी एक वाट आहे. ओसीत ‘कमर्शियल’ किंवा ‘ऑफिस’ वापर असेल तर ही जागा स्टुडिओ म्हणून उत्तम आहे आणि राहतं घर वेगळं ठेवता येईल. वापर ‘आयटी’ असेल तर सावध राहा. अशा इमारतींना आयटीच्या नावावर जादा एफएसआय मिळालेला असतो आणि फोटो स्टुडिओ त्या व्याख्येत बसेलच असं नाही. किंवा उलटं करा: निवासी ओसी असलेला, उंच छताचा फ्लॅट किंवा डुप्लेक्स शोधा आणि घरातली एक खोली कामाला वापरा. राहणाऱ्याने आपल्या घराचा काही भाग स्वतःच्या व्यवसायाला वापरणं नियमात बसतं. डुप्लेक्समध्येही वरचा मजला नकाशात आहे ना, एवढं तपासायला विसरू नका.

नव्या प्रकल्पात ‘लॉफ्ट’ किंवा ‘स्टुडिओ’ या नावाने काही दाखवलं गेलं तर महारेराच्या (नव्या गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा आणि तुमच्या युनिटपुढे काय प्रकार लिहिला आहे ते पाहा. जाहिरातीत पलंग आणि ओटा दिसतो, मंजूर नकाशात ते ‘ऑफिस’ असतं, हे मुंबई-ठाण्यात सर्रास चालतं.

एवढं वाचूनही तुम्हाला ही जागा हातची जाऊ द्यायची नसेल, तर विक्रेत्याला रविवारी पैशांऐवजी एक ईमेल पाठवा. त्यात ओसी, चौथ्या मजल्याचा मंजूर नकाशा, त्याचं स्वतःचं नोंदणीकृत खरेदीखत, सूची क्रमांक 2, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र मागा. कागद आले आणि तुमच्या वकिलाने वाचले की मगच टोकनचा विषय काढा, आणि तेव्हाही पावतीवर हा मजकूर घाला:

“सदर रक्कम परताव्याच्या अटीवर दिली आहे. युनिटचा मंजूर वापर निवासी असल्याचे भोगवटा प्रमाणपत्र व मंजूर नकाशा यांवरून सिद्ध न झाल्यास, मेझनीन मंजूर नकाशात नसल्यास, किंवा युनिटवर कोणत्याही प्राधिकरणाची नोटीस आढळल्यास, खरेदीदाराने लेखी कळवल्यापासून सात दिवसांत संपूर्ण रक्कम कोणतीही कपात न करता परत केली जाईल.”

पावतीवर विक्रेत्याची सही घ्या, एजंटची चालणार नाही. रक्कम विक्रेत्याच्याच खात्यात बँकेतून भरा, रोख नको. त्यानंतर वकिलाकडून दोन वर्तमानपत्रांत चौदा दिवसांची जाहीर नोटीस द्या. या मजकुरावर सही करायला विक्रेता तयार नसेल तर व्यवहार तिथेच सोडा.